अकरा रिवेट

साऊथ शील्ड्सला नदी कुठे संपते
हे आम्हाला वासावरून कळायचं:
ओल्या कोळशाचा वास मागे पडला की समुद्र.

बाबा फायरमन. एडनहून निघालेला माणूस
टाइनच्या काठी एका खाणावळीत उतरला
तो उतरलाच.
जहाजांच्या पोटात आग राखून राखून
त्याच्या भुवया कधी धड उगवल्या नाहीत.
आई, हिल्डा, फेरीने पलीकडे जाऊन हेरिंग चिरायची.
बोटांना बांधलेल्या चिंध्या शुक्रवारी सोडायची,
आणि बाबा त्या बोटांना तिळाचं तेल चोळायचा,
एक शब्दही न बोलता.
इंग्रजी त्याला तेवढीच येत होती.

सोळाव्या वर्षी मी सुक्या गोदीत लागलो.
विल्फ हेडलीने पहिल्याच दिवशी
यासिनचा जॅक केला,
हातात पाऊण पौंडाची हातोडी दिली
आणि म्हणाला, ठोक. ऐक.
घट्ट रिवेट टण्‌ म्हणतो.
सैल रिवेट खोकतो.
खोकला की खडूने फुली.
एवढंच शिक्षण. बाकीचं जहाजाखाली उभं राहून,
शिंपल्यांनी भरलेलं ते पोट मानेवर ठिबकत असताना.
चहाच्या सुट्टीत विल्फ आपल्या वाफ्यातल्या लीकविषयी बोलायचा,
लोक लेकरांविषयी बोलतात तसा:
किती जाड, किती सरळ, यंदा बक्षीस कुणाचं.

नोव्हेंबर अठ्ठावन्न. शनिवार.
'थॉर्नली बेल', कोळशाची म्हातारी बोट, डाव्या अंगाचा तळ.
बारा वाजता नोर्मा टिंडल फेरीच्या धक्क्यावर येणार होती.
शेवटची ओळ उरली होती. अकरा रिवेट.
मी ठोकले नाहीत.
वहीत 'ठीक' लिहिलं, अकरा वेळा.
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

(नोर्मा आली नाही. ते जाऊ द्या.)

मंगळवारी बोट गेली.
त्या आठवड्यात वारा सुटला,
खिडक्या रात्रभर चौकटीत दात वाजवत होत्या.
मी जिन्यात बसलेलो. बाबा खाली आला.
कोणती बोट, त्याने विचारलं.
कसं ओळखलं, कोण जाणे.
सांगितलं.
तो रागावला नाही. बराच वेळ पायरीचा लाकडी कंगोरा चाचपत राहिला.
मग म्हणाला, तिच्या भट्टीवर मुक्बिल आहे.

मुक्बिल. त्याच्याच गावचा. आमच्या घरी यायचा,
खिशातून खजूर काढायचा, त्याला तंबाखू चिकटलेली असायची.

त्यानंतर रोज संध्याकाळी
मी पेपरचं मागलं पान वाचायचो, मोठ्याने,
कारण बाबाला वाचता येत नव्हतं:
थॉर्नली बेल, हॅम्बर्गला पोचली.
थॉर्नली बेल, रूआनहून निघाली.
तो मान हलवायचा आणि वजूला उठायचा.
नऊ वर्षं. त्यातली शेवटची दोन मी एकटाच वाचत होतो,
रिकाम्या खुर्चीपुढे, तरी मोठ्यानेच.

पुढे परीक्षा दिल्या. पंपांचे आराखडे केले.
हाताखाली चाळीस माणसं आली,
आणि त्यांना माझा कंटाळा यायचा:
हा प्रत्येक बोल्ट दोनदा का मोजायला लावतो?

ती बोट ब्लाइथला भंगारात गेल्याचं कळलं
तेव्हा रविवार गाठून गेलो.
ओळ सापडली. हातोडी बरोबर नेलीच होती.
पण तोवर गोदीने माझे कान खाल्ले होते,
वरचा, बारीक सूर आधी जातो म्हणतात,
माझा गेलाच होता.
टण्‌ हा आवाजच मला उरला नव्हता.
अकराच्या अकरा खोकले.
वेल्डर म्हणाला, साहेब, काय शोधताय?
म्हटलं, काही नाही, जुनी ओळख.

मुक्बिलने निवृत्तीनंतर बाजाराजवळ चहाचं दुकान टाकलं होतं.
परतताना तिथे थांबलो.
चहा नेहमीसारखा, दातांना कळ येईल इतका गोड.
पैसे घ्यायचा नाही. म्हणे, तुझा बाप माझा भाऊ.
त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.
कोळशाची धूळ छातीत घेऊन बसलेला तो,
बोलता बोलता खोकायचा,
आणि दर वेळी माझा हात
खिशातल्या खडूकडे जायचा.